सत्तर लाखांचा आवाज, सातशेंचे मत

एप्रिल २०१६ मध्ये ब्रायटन येथे भरलेल्या वार्षिक परिषदेत ब्रिटनच्या ‘नॅशनल युनियन ऑफ स्टुडंट्स’ या संघटनेने आपला नवा अध्यक्ष निवडला. मलिया बुआतिया यांना ३७२ मते मिळाली. त्या वेळच्या अध्यक्ष मेगन डन यांना ३२८. आपण सत्तर लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे प्रतिनिधित्व करतो, असे ही संघटना त्या काळी अभिमानाने सांगत असे. दोन्ही आकडे शेजारी मांडले तर दर अठरा-एकोणीस हजार विद्यार्थ्यांमागे विजयी उमेदवाराला एक मत पडले, असा हिशोब निघतो. उरलेल्या विद्यार्थ्यांना त्या दिवशी मतदान होते हे तरी ठाऊक होते काय, हा प्रश्न विचारण्याची कोणालाही आवश्यकता वाटली नाही.

त्यानंतर ब्रिटिश वृत्तपत्रांत जो गदारोळ झाला तो बहुतांशी बुआतिया यांच्या मतांविषयी आणि ज्यूंसंबंधीच्या त्यांच्या जुन्या विधानांविषयी होता. ती चर्चा निरर्थक होती असे मला म्हणावयाचे नाही. परंतु व्यक्तीवर एवढी शाई खर्च झाल्यामुळे पद्धतीचा प्रश्न बाजूला पडला, आणि तो बाजूला पडणे संघटनेतील सर्वच गटांच्या सोयीचे होते. हरलेल्यांना तीच पद्धत पुढच्या वर्षी जिंकण्यासाठी हवी होती. प्रस्तुत लेखाचे भांडण त्या पद्धतीशी आहे.

येथे ‘सभासद’ या शब्दाची थोडी फोड करणे आवश्यक आहे. ही राष्ट्रीय संघटना म्हणजे संघांचा महासंघ होय. तिचे सभासद विद्यार्थी नाहीत. तिचे सभासद म्हणजे निरनिराळ्या विद्यापीठांतील व महाविद्यालयांतील विद्यार्थी संघ. विद्यार्थी आपल्या संघाचा सभासद, संघ राष्ट्रीय संघटनेचा सभासद. आणि संघाने पाठविलेले प्रतिनिधी परिषदेत बसून अध्यक्ष निवडतात. पत्रकात आकडा सांगावयाचा असतो तेव्हा विद्यार्थी मोजले जातात. मते मोजावयाची असतात तेव्हा प्रतिनिधी. एकाच शब्दाच्या दोन अर्थांमधली ही ये-जा इतकी सफाईने चालते की अलंकारशास्त्राच्या अभ्यासकाने तिचे कौतुकच करावे. दावा वाच्यार्थाने करावयाचा आणि उत्तर देण्याची वेळ आली की लक्षणेचा आश्रय घ्यावयाचा!

गंमत अशी की खाली, विद्यापीठाच्या पातळीवर, ही मुभा कायद्याने कोणालाही दिलेली नाही. ब्रिटनच्या १९९४ च्या शिक्षण कायद्यातील बाविसाव्या कलमानुसार विद्यार्थी संघाच्या प्रमुख पदांची निवडणूक गुप्त मतदानाने व्हावी लागते आणि त्या मतदानाचा अधिकार संघाच्या प्रत्येक सभासदाला असावा लागतो. हा कायदा हुजूर पक्षाच्या सरकारने आणला. विद्यार्थी संघांविषयी त्या सरकारला फारसे प्रेम नव्हते आणि विद्यार्थी नेत्यांनी कायद्याला कडाडून विरोध केला. विरोधाची कारणे काहीही असोत, आज परिस्थिती अशी आहे की क्रीडा सचिव होण्यासाठी सर्व विद्यार्थ्यांपुढे उभे राहावे लागते आणि देशातील सर्व विद्यार्थ्यांचा अध्यक्ष होण्यासाठी एका सभागृहापुढे उभे राहिले की पुरते. नापसंत सरकारने लादलेली लोकशाही खाली रुजली. स्वतःच्या इच्छेने वर नेण्याची वेळ आली तेव्हा मात्र चळवळीला तिच्यात शंभर अडचणी दिसू लागल्या.

संघटनेची स्थापना १९२२ ची. पहिल्या महायुद्धानंतर निरनिराळ्या देशांतील विद्यार्थ्यांचा परस्परसंबंध वाढावा या हेतूने ती निघाली, आणि राजकारणास मज्जाव करणारे कलम तिच्या घटनेत १९६९ पर्यंत होते. ते कलम गेले हे योग्यच झाले. मात्र त्यानंतर अध्यक्षपद ही संसदेकडे जाणारी एक सोयीस्कर शिडी बनली. जॅक स्ट्रॉ, चार्ल्स क्लार्क, वेस स्ट्रीटिंग ही मजूर पक्षाच्या मंत्रिमंडळांत पोहोचलेली नावे या एकाच पदावरून गेली आहेत. विद्यार्थी नेत्याने पुढे राजकारणात जाऊ नये असे कोण म्हणेल? आक्षेप एवढाच की सातशे मतदारांच्या निवडणुकीत ज्या कला शिकाव्या लागतात, गटांची बेरीज, पदांची देवाणघेवाण, कोणाला कोणत्या समितीवर घ्यावयाचे याची आश्वासने, त्यांचा ग्रंथालयाच्या वेळांशी, घरभाड्याशी, शिष्यवृत्तीशी काही संबंध नसतो. एवढ्या लहान मतदारसंघात मत मागणारा प्रत्येक मतदाराला ओळखतो. जिव्हाळा वाटावा अशी ही स्थिती; पण गटबाजीला याहून सुपीक जमीन दुसरी नाही.

‘एक सभासद, एक मत’ ही मागणी ब्रिटनच्या राजकारणात परकी नाही. १९९३ मध्ये जॉन स्मिथ यांनी मजूर पक्षात उमेदवार निवडीसाठी ती पुढे रेटली. २०१४ मध्ये पक्षनेत्याच्या निवडीसाठीही तिचा स्वीकार झाला आणि २०१५ मध्ये जेरेमी कॉर्बिन यांना अडीच लाखांवर मते पडली. तो निकाल कोणाला रुचला, कोणाला खुपला. पण मतपत्रिका सभासदाच्या हाती गेली. ज्या पक्षाने विद्यार्थी संघटनेच्या इतक्या माजी अध्यक्षांना सामावून घेतले त्या पक्षाला जे जमले, ते विद्यार्थी संघटनेला मात्र जमले नाही.

मग विद्यार्थ्याजवळ उरते काय? निघून जाणे. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये मांडलेला विचार समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे: संस्था घसरणीला लागली की तिच्याशी बांधलेल्या माणसापुढे आवाज उठविणे आणि बाहेर पडणे असे दोन मार्ग असतात, आणि निष्ठा त्याला काही काळ बाहेर पडण्यापासून थोपवून धरते. आवाजाची वाट बुजवली तर उरलेल्या वाटेवर गर्दी होणारच. ब्रायटनच्या परिषदेनंतर काही आठवड्यांतच लिंकन, न्यूकॅसल, लफबरो आणि हल येथील विद्यार्थ्यांनी राष्ट्रीय संघटनेतून बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथे राहण्याच्या बाजूने कौल लागला. लिंकनचा निकाल ८८१ विरुद्ध ८०४ असा होता. म्हणजे एका मध्यम आकाराच्या विद्यापीठात, संघटनेत राहावे की नाही या प्रश्नावर सोळाशेंहून अधिक विद्यार्थ्यांनी मत दिले. अखिल देशाचा अध्यक्ष निवडणाऱ्या मतदारांच्या दुपटीहून ही संख्या अधिक भरते. विद्यार्थी उदासीन असतात, त्यांना मतदानात रस नसतो, असे सांगणाऱ्यांनी या आकड्यापुढे क्षणभर थांबावे. दार उघडून बाहेर जाण्याविषयी विचारले तर विद्यार्थी उत्तर देतो. आत कोण बसावे हे त्याला कधी विचारलेच नाही.

थेट मतदानावरचे आक्षेप मात्र सगळेच पोकळ नाहीत, आणि सुधारणावादी मंडळी ते झटकून टाकतात हे मला मान्य नाही. संघटनेच्या गणनेतील विद्यार्थ्यांचा फार मोठा हिस्सा विद्यापीठांबाहेरचा आहे. व्यवसाय शिक्षण देणाऱ्या, शाळेनंतरच्या स्थानिक महाविद्यालयांतील ही मुले. दिवसा नोकरी, संध्याकाळी वर्ग. त्यांच्या विद्यार्थी संघाकडे अनेकदा एक खोली आणि अर्धवेळ कर्मचारी याखेरीज काही नसते. उद्या सर्वांना मत दिले तर मोठ्या, श्रीमंत विद्यापीठांतील मतदान भरघोस होईल आणि या मुलांचा आवाज बुडेल, ही भीती खरी आहे. तीच गोष्ट अल्पसंख्य गटांची. काळ्या विद्यार्थ्यांसाठी, अपंग विद्यार्थ्यांसाठी, समलिंगी विद्यार्थ्यांसाठी संघटनेत स्वतंत्र व्यासपीठे आहेत, आणि केवळ डोकी मोजून ती उभी राहिली नसती.

परंतु हा आक्षेप नीट वाचला तर तो मतमोजणीच्या रीतीवरचा आक्षेप ठरतो. महाविद्यालयीन मतांना ठराविक वजन देता येते, निरनिराळ्या प्रकारच्या संस्थांतून किमान मते मिळविण्याची अट घालता येते, राखीव पदांची निवड त्या त्या गटातील सर्व विद्यार्थ्यांकडे सोपविता येते. घरी बसलेल्या विद्यार्थिनीपर्यंत मतपत्रिका पोहोचणे कठीण, म्हणून तिच्या नावाने दुसऱ्याने मत द्यावे, या युक्तिवादाने स्त्रियांना आणि भूमिहीनांना किती पिढ्या मतापासून दूर ठेवले होते हे आपल्या वाचकांस सांगावयास नको.

दुसरा आक्षेप अधिक प्रतिष्ठित आहे. परिषदेत चर्चा होते, प्रतिनिधी दोन्ही बाजू ऐकतो, प्रसंगी मत बदलतो. दूरवरून एक कळ दाबणाऱ्या मतदाराला हा विचारविनिमय कोठून मिळणार? युक्तिवाद देखणा आहे. ठरावांच्या बाबतीत तो मला बऱ्याच अंशी पटतोही. शुल्कवाढीविषयीचे धोरण, सुधारणासूचनांसह, परिषदेतच ठरावे. पण अध्यक्ष निवडताना परिषदेत कोणता विचारविनिमय होतो? उमेदवारांची काही मिनिटांची भाषणे होतात, टाळ्या पडतात आणि मतपेट्या फिरतात. बहुतेक प्रतिनिधी कोणत्या गटाकडून आले हे तत्पूर्वीच ठरलेले असते. चर्चेची महती सांगून चर्चेविना होणारी निवडणूक वाचविणे हा वकिली कावा झाला.

आता ‘सुधारणा’ या शब्दाकडे वळू, कारण खरा घोटाळा तेथे आहे. या संघटनेत सुधारणा झाल्याच नाहीत असे कोणी समजू नये. गेल्या दोन दशकांत दोनदा झाल्या, आणि दोन्ही वेळा सभासदाचा अधिकार वाढविण्याची भाषा आसपास होतीच. २००८ च्या एप्रिलमध्ये ब्लॅकपूल येथील परिषदेत नवी घटना मांडली गेली. दोन तृतीयांश बहुमत थोडक्यात हुकले. मग खास अधिवेशने बोलावून ती संमत करून घेण्यात आली आणि २००९ च्या जानेवारीत तिच्यावर शिक्कामोर्तब झाले. तिच्यामुळे आर्थिक व कायदेशीर जबाबदारी एका विश्वस्त मंडळाकडे गेली आणि त्या मंडळावर विद्यार्थी नसलेले, बाहेरचे जाणकारही आले. पुढे २०१८ च्या अखेरीस सुमारे तीस लाख पौंडांची तूट उघडकीस आली. २०१९ च्या ग्लासगो परिषदेत पुन्हा मोठी फेररचना झाली. संघटनेची प्रचारात्मक बाजू आणि धर्मादाय बाजू वेगळी करण्यात आली, पूर्णवेळ पदाधिकाऱ्यांची संख्या घटविण्यात आली, कर्मचारी कमी करण्यात आले.

दोन्ही खेपांची भाषा पाहावी. जोखीम, कार्यक्षमता, सुशासन, भागधारक. हा शब्दसंग्रह विद्यार्थी चळवळीच्या कोशातला नव्हे. तो व्यवस्थापन सल्लागाराच्या कोशातला आहे. विद्यार्थ्याच्या मताविषयीचा प्रश्न विचारला गेला तेव्हा हिशेब अधिक नीट ठेवण्याचे उत्तर मिळाले. हिशेब नीट ठेवलेच पाहिजेत, तुटीत बुडालेल्या संस्थेला दुसरा उपायही नव्हता. पण तेवढ्यावरून तिला लोकशाही सुधारणा म्हणणे म्हणजे घराला रंग दिला म्हणून भाडेकरू मालक झाला असे समजणे होय. उलट, निवडून न आलेल्या मंडळाकडे जितका अधिकार सरकला तितका विद्यार्थी आणखी एक पायरी दूर गेला. डाव्या गटांनी २००८ मध्ये हाच इशारा दिला होता. मात्र त्या गटांनी थेट मतदानाला तितक्याच हिरिरीने पाठिंबा दिला असता तर त्यांच्या इशाऱ्याला वजन आले असते. त्यांना विश्वस्तही नको होते आणि विद्यार्थीही. परिषद हवी होती, कारण परिषदेत ते जिंकू शकत होते.

केवळ थेट निवडणुकीने सर्व साधेल अशी भाबडी समजूत असणाऱ्यांनी अमेरिकेकडे पाहावे. तेथील राष्ट्रीय विद्यार्थी संघटना १९४७ मध्ये मॅडिसन येथे स्थापन झाली. दरवर्षी तिचे अधिवेशन भरे, शेकडो प्रतिनिधी रात्र रात्र जागून नागरी हक्कांवर, वसाहतवादावर ठराव करीत. १९६७ मध्ये ‘रॅम्पार्ट्स’ या नियतकालिकाने उघड केले की सी.आय.ए. ही गुप्तहेर संस्था निरनिराळ्या प्रतिष्ठानांच्या आडून वर्षानुवर्षे या संघटनेला पैसा पुरवीत होती. हे मोजक्या पदाधिकाऱ्यांना ठाऊक होते. गुप्ततेचे बंधन स्वीकारल्यानंतरच त्यांना ते सांगण्यात येई. अधिवेशनातील प्रतिनिधींना, मग साध्या विद्यार्थ्याला तर सोडाच, त्याचा पत्ता नव्हता. त्या प्रतिनिधींचे ठराव खोटे नव्हते, त्यांची तळमळही खोटी नव्हती. फक्त पैसा कोठून येतो हे विचारण्याचा आणि उत्तर मिळविण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता. सभासदाच्या हाती मत द्यावे आणि जमाखर्चाची वही मात्र कुलपात ठेवावी, या व्यवस्थेचे पुढे काय होते ते या प्रकरणात दिसते.

ब्रिटनमध्ये अलीकडे घडलेली गोष्ट याहून वेगळी, पण दुखणे त्याच जातीचे. ज्यू विद्यार्थी अनेक वर्षे तक्रार करीत होते की संघटनेत त्यांना वैराची वागणूक मिळते. २०२२ मध्ये सरकारने संघटनेशी संबंध स्थगित केले, रिबेका टक या ज्येष्ठ वकिलांकडे स्वतंत्र चौकशी सोपविली गेली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाल्यावर संघटनेने माफी मागितली. दरम्यान २०२२ च्या परिषदेत निवडून आलेल्या अध्यक्ष शाइमा दल्लाली यांना त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये, शिस्तविषयक स्वतंत्र प्रक्रियेनंतर, पदावरून दूर करण्यात आले. त्या निर्णयाच्या गुणदोषांत मी शिरत नाही. मला बोचते ते एवढेच की एका अल्पसंख्य समूहाला दाद मागण्यासाठी सरकार, वृत्तपत्रे आणि वकील यांच्यापर्यंत जावे लागले. आणि अध्यक्ष आली ती सभागृहाच्या मतांनी, गेली ती बंद दाराआडच्या प्रक्रियेने. तिला निवडणे किंवा परत बोलावणे, यांपैकी कशातही सामान्य विद्यार्थ्याचा हात लागला नाही.

या साऱ्याशी आपला संबंध काय, असे विचारणाऱ्यास दोन उत्तरे आहेत. पहिले व्यावहारिक आहे. २०२२-२३ या शैक्षणिक वर्षात ब्रिटनमधील परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांची संख्या चिनी विद्यार्थ्यांच्याही पुढे गेली. पुण्या-नागपुराहून कर्ज काढून गेलेली मुले त्यांत आहेत. तेथे नाव नोंदविताच, नकार कळविला नाही तर, ती विद्यार्थी संघाची सभासद होतात, आणि तो संघ राष्ट्रीय संघटनेशी संलग्न असेल तर सत्तर लाखांच्या गणतीत जाऊन बसतात. जानेवारी २०२४ पासून अध्यापनाधारित पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना जोडीदार व मुले सोबत नेण्यास बंदी आली, तेव्हा त्यांच्या नावाने कोणी बोलावे हे ठरविण्यात त्यांचा वाटा शून्य होता.

दुसरे उत्तर थोडे अप्रिय आहे. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयीन निवडणुका बाजूला सारून विद्यार्थी परिषदेवर वर्गातील गुणवंत पाठविण्याची पद्धत आणली. जणू परीक्षेत पहिला येणे हीच प्रतिनिधित्वाची पात्रता. २०१६ च्या कायद्याने निवडणुकीचा मार्ग पुन्हा खुला केला, आणि २०१९ मध्ये ठरलेल्या निवडणुका पुढे ढकलण्यात आल्या. साहित्याच्या प्रांगणात तरी काय निराळे? संमेलनाध्यक्ष निवडणारे मतदार हजाराच्या आसपास, घटक संस्थांच्या हजारो आजीव सभासदांना त्यात स्थान नाही, यावर कितीदा वाद झडले. २०१८ मध्ये महामंडळाने उपाय काढला: मतदार वाढविण्याऐवजी निवडणूकच बंद केली आणि अध्यक्ष सन्मानाने निवडण्याचे ठरविले. गढूळ निवडणुकीचा सर्वांना कंटाळा आला होता हे खरे, अरुणा ढेरे यांची निवड आनंदाची होती हेही खरे. पण मराठी वाचकाचे मत त्याआधी विचारले जात नव्हते आणि त्यानंतरही विचारले जात नाही. तेव्हा ब्रायटनच्या सभागृहाला हसण्याची घाई आपण न केलेली बरी. असो.

ब्रिटनच्या विद्यार्थ्यांनी मागावे ते फार नाही. अध्यक्ष आणि प्रमुख पदाधिकारी सर्व संलग्न संघांच्या सभासदांनी, महाविद्यालयांच्या मतांना योग्य वजन देऊन, एकाच आठवड्यात निवडावेत. स्थानिक निवडणुकांची यंत्रणा आहेच, तिच्यावरच आणखी एक मतपत्रिका जोडावयाची. ठराविक संख्येने सह्या आल्या तर एखादा प्रश्न, किंवा एखादा पदाधिकारी, राष्ट्रीय मतदानासमोर यावा. विश्वस्त मंडळ राहू द्यावे. पण प्रत्येक संलग्न संघ किती वर्गणी भरतो आणि ती कशावर खर्च होते हे विद्यार्थ्याला त्याच्या भाषेत, दरवर्षी, न मागता कळावे.

अडचण मुक्कामाची नाही, वाटेची आहे. ज्यांच्या हातून अधिकार काढून घ्यावयाचा त्याच प्रतिनिधींचे दोन तृतीयांश बहुमत घटनादुरुस्तीला लागते, हे २००८ मध्ये सर्वांच्या अनुभवास आले. परिषदेचे मन वळवीत बसण्यात आणखी दहा वर्षे घालविण्याचे कारण नाही. १९९४ च्या त्याच नावडत्या कायद्यात एक तरतूद आहे: फार तर पाच टक्के सभासदांनी मागणी केली की बाहेरच्या संघटनेशी संलग्न राहावे की नाही हा प्रश्न सर्व विद्यार्थ्यांच्या गुप्त मतदानाला टाकावा लागतो. आजवर ही तरतूद रागाच्या भरात बाहेर पडण्यासाठी वापरली गेली. वीस-पंचवीस विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनी ती एकाच सत्रात वापरावी आणि प्रचारात उघड सांगावे की थेट मतदानाची दुरुस्ती अमुक परिषदेपर्यंत संमत झाली तर आम्ही राहण्याच्या बाजूने मत देऊ, नाही तर नाही. वर्गणीचा हा मोठा हिस्सा हातचा जातो की काय असे दिसू लागल्यावर सभागृहातील गटांना विचारविनिमय खरोखरीच करावा लागेल.